हसवून कर्ज फेडणारा माणूस

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटमधली. आमच्या शाळेत मराठी हा विषय नावापुरता होता आणि त्यातही मी जेमतेम पास व्हायचे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मराठी विभागाच्या संपादकांना धरा, मला नको. त्यांनीच मला मेसमध्ये ताटावर गाठून लेख मागितला.

विषय मात्र माझा आहे. यंदाच्या गॅदरिंगला मी स्टेजवर उभी राहून पाच मिनिटं स्टँडअप कॉमेडी करायचा प्रयत्न केला. मागच्या रांगेत ज्यांनी तो पाहिला ते अजून विसरलेले नाहीत. दुसऱ्या मिनिटाला हशा आला, तिसऱ्याला मी पुढचं विसरले, आणि उरलेली दोन मिनिटं इतक्या स्पीडने बोलले की एक्स्टर्नलसमोर व्हायवालाही कोणी तसं बोलत नसेल. रूमवर येऊन उशीत तोंड खुपसलं. नंतर विचार करायला लागले, की हा धंदा माणसं गावोगाव फिरून, रोज नव्या अनोळखी लोकांसमोर करतात तरी कशी? शोधता शोधता येऊन थांबले ती मार्क ट्वेनपाशी.

सातवीत आम्हाला टॉम सॉयर होता, संक्षिप्त आवृत्ती. तेव्हा ट्वेन म्हणजे मलपृष्ठावरचा पांढऱ्या मिशांचा आजोबा एवढीच ओळख. हा आजोबा कितीतरी वर्षं रेल्वेने, बोटीने, घोडागाडीने फिरून, स्टेजवर एकटा उभा राहून लोकांना हसवत होता हे शाळेत कोणी सांगितलं नाही. आपल्याकडे ज्याला एकपात्री म्हणतात तसंच ते. फरक एवढाच की त्या काळी त्याला लेक्चर म्हणायचे. आपल्या लेक्चरला कोणी हसत नाही ही गोष्ट वेगळी (सर, मॅडम, माफ करा).

त्याचं खरं नाव सॅम्युएल क्लेमन्स. जन्म १८३५ चा, अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातला. लहानपण मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल गावात गेलं. तो अकरा वर्षांचा असताना वडील वारले. शाळा सुटली आणि पोरगा छापखान्यात उमेदवारी करायला लागला. पुढे तो नदीवरच्या आगबोटीचा पायलट झाला. बोटीवर पाण्याची खोली मोजताना दोन वाव, म्हणजे बारा फूट पाणी भरलं की तशी आरोळी द्यायचे. मार्क ट्वेन हे टोपणनाव त्या आरोळीतूनच आलं. यादवी युद्धाने नदीवरची वाहतूक थांबली तेव्हा तो पश्चिमेला नेवाडात गेला. तिथे चांदी शोधली, मिळाली नाही, म्हणून वर्तमानपत्रात लिहायला लागला.

स्टेजवर तो पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उभा राहिला २ ऑक्टोबर १८६६ ला, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये. नुकताच हवाई बेटांवर जाऊन आला होता, तोच विषय. जाहिरातीत त्याने दारं सात वाजता उघडतील असं लिहिलं आणि आठ वाजता कार्यक्रम नाही तर त्रास सुरू होईल असं कळवलं. पण स्वतःची इतकी तंतरली होती की हशा यावा म्हणून त्याने ओळखीची माणसं आधीच हॉलमध्ये पेरून ठेवली. (मला हे आधी सुचलं असतं तर आमच्या विंगमधल्या निदान आठ जणी बसवल्या असत्या.) स्टेजवर आला तेव्हा पाय लटलटत होते. पण हॉल भरलेला होता आणि लोक हसले.

मग कॅलिफोर्निया आणि नेवाडातल्या खाणींच्या गावांचा दौरा झाला. एका रात्री कार्यक्रम संपवून परतताना डोंगरातल्या रस्त्यावर बुरखाधारी माणसांनी पिस्तुलं रोखली आणि घड्याळ, पैसे सगळं काढून घेतलं. नंतर कळलं की ते त्याचेच मित्र होते, गंमत करत होते. दुसऱ्यांना हसवणाऱ्या या माणसाला ती गंमत अजिबात आवडली नाही. तो जाम भडकला.

त्यानंतरची काही वर्षं, लग्नाच्या आधी आणि नंतर, हिवाळा आला की दौरा. बोस्टनची एक एजन्सी तारखा लावायची आणि हा आज या गावी, उद्या त्या गावी. गाड्या बर्फात अडकायच्या, हॉटेलच्या खोल्या थंड, आणि दमून उतरलेल्या माणसाला गावची मंडळी आपलं गाव दाखवायला न्यायची. त्याला याचा मनापासून कंटाळा होता. पुस्तकांचे पैसे यायला लागल्यावर त्याने हे बंद केलं. १८८४-८५ च्या हिवाळ्यात जॉर्ज केबल नावाच्या लेखकाला जोडीला घेऊन पुन्हा एकदा चार महिने दौरा केला, आणि मग परत घरी.

त्याच्या टेक्निकबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण मी त्यासाठीच वाचायला लागले होते. माझ्यासारखा तोही विसरायचा. सुरुवातीला चिठ्ठी घेऊन जायचा, पण एकदा ती हरवली. मग त्याने दहा नखांवर शाईने दहा मुद्द्यांची आद्याक्षरं लिहिली. पण कुठलं नख झालं हेच कळेना, आणि झालेलं अक्षर चाटून पुसावं तर लोकांचं कुतूहल आणखी वाढलं असतं, म्हणून तेही करता येईना. लोकांना प्रश्न पडला की हा सारखा नखंच का बघतोय! शेवटी प्रत्येक किश्श्यासाठी एक छोटं चित्र काढायचं आणि ती चित्रं डोळ्यांसमोर आणून बोलायचं हा उपाय लागू पडला. दुसरी गोष्ट म्हणजे थांबणं. लहानपणी त्याच्या काकांच्या शेतावर एक म्हातारा गुलाम मुलांना सोन्याच्या हाताच्या भुताची गोष्ट सांगायचा. तीच गोष्ट ट्वेनने पुढे जन्मभर स्टेजवर सांगितली. गोष्टीच्या शेवटी, भूत अंगावर यायच्या आधी, एक स्तब्ध क्षण आहे. तो किंचित कमी झाला तरी गोष्ट पडते, किंचित जास्त झाला तरी पडते. आणि तो मोजायचा कसा, तर समोरच्यांचे चेहरे बघत, रोज नव्याने. मी त्या दिवशी नेमकी उलटी चूक केली होती. थांबायच्या जागी पळत सुटले.

आता मुख्य गोष्ट. ही आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी नीट वाचावी.

माझे आजोबा तालुक्याच्या गावी एका छापखान्यात जुळारी होते. म्हणजे शिशाचे एकेक खिळे हाताने उचलून ओळी जुळवायच्या, ओळीची लांबी सारखी करायची, आणि छापून झाल्यावर तेच खिळे परत आपापल्या खणात टाकायचे. या शेवटच्या कामात केवढा वेळ जायचा ते आजोबा अजून सांगतात. ट्वेनने पोरवयात हेच काम केलं होतं. म्हणून जेम्स पेज नावाच्या इन्व्हेंटरने ही तिन्ही कामं करणारं मशीन दाखवलं तेव्हा तो वेडाच झाला. १८८० पासून त्यात पैसे घालायला लागला. मशीनमध्ये सुमारे १८,००० पार्ट होते. चालायचं तेव्हा अप्रतिम चालायचं. पण पेजला समाधान नाही. चालू मशीन उघडायचा आणि आणखी एक सुधारणा करायचा.

इकडे मेर्गेनथालर या घड्याळं बनवायला शिकलेल्या माणसाने प्रश्नच बदलून टाकला. माणसाच्या हाताची नक्कल कशाला? साचे रांगेत आणा, त्यात वितळलेला धातू ओता, अख्खी ओळ एकदम ओतून काढा, आणि काम झालं की ती परत वितळवा. म्हणजे खिळे खणात टाकायची भानगडच नाही. हे लायनोटाइप १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रिब्यून वर्तमानपत्रात सुरूसुद्धा झालं. पेजच्या मशीनची खरी परीक्षा १८९४ मध्ये शिकागोच्या एका वर्तमानपत्रात झाली. ते सारखं बिघडत राहिलं. ट्वेनचे सुमारे तीन लाख डॉलर त्यात गेले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याची स्वतःची प्रकाशन कंपनीही बुडाली.

वय ५८. कर्ज लाखाच्या घरात डॉलर. कायद्याने थोडे पैसे देऊन सुटता आलं असतं, पण त्याने आणि त्याची बायको ऑलिव्हिया हिने पै न पै फेडायचं ठरवलं. मग नावडता धंदा पुन्हा सुरू. आता अमेरिका पुरणार नव्हती, म्हणून अख्खी पृथ्वी.

जुलै १८९५ मध्ये ते एल्मायरा गावच्या स्टेशनवरून निघाले. बरोबर ऑलिव्हिया आणि मधली मुलगी क्लारा. थोरली सूझी आणि धाकटी जीन मावशीकडे राहिल्या. सूझी प्लॅटफॉर्मवर विजेच्या दिव्याखाली उभी राहून हात हलवत होती. पायाला मोठं गळू झालेलं, त्या अवस्थेत त्याने उत्तर अमेरिका पार केली. होनोलुलूला कॉलरा म्हणून बोटीतून उतरूच दिलं नाही, कार्यक्रम बुडाला. मग ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन आणि जानेवारी १८९६ मध्ये आपली मुंबई.

मुंबईत तो वॉटसन हॉटेलमध्ये उतरला. काळा घोड्याजवळची ती बिल्डिंग, जिच्या लोखंडी सांगाड्याचे भाग इंग्लंडमध्ये ओतून बोटीने आणून इथे जोडले होते. (सहा महिन्यांनी तिथेच ल्युमिएर बंधूंचा सिनेमा दाखवला गेला.) इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलो होतो तेव्हा मी ती फुटपाथवरून पाहिली. पार मोडकळीला आलीय. ट्वेन तिथे खोकल्याने बरेच दिवस अंथरुणात होता. खिडकीतल्या कावळ्यांवर त्याने जे लिहिलंय ते लायब्ररीत मिळालं तर जरूर वाचा. पण त्याच हॉटेलात पहिल्या दिवशी त्याच्यासमोर एका गोऱ्या माणसाने नोकराच्या थोबाडीत मारली, आणि नोकराने ती निमूट घेतली. त्या एका क्षणात ट्वेनला हॅनिबल आठवलं, तिथले गुलाम आठवले. विनोदी प्रवासवर्णनाच्या मध्येच हा भाग येतो आणि हसू थांबतं.

मुंबईच्या नॉव्हेल्टी थिएटरात कार्यक्रम झाले, मग पुणे, मग बडोदा. कार्यक्रम नावाला नीतिमत्तेवर असायचा. देवीची लस टोचतात तसं प्रत्येक पाप एकेकदा करून घ्यावं म्हणजे माणूस सुरक्षित होतो, असा त्याचा गंभीर चेहऱ्याने मांडलेला सिद्धांत. पुढे अलाहाबाद, काशी, कलकत्ता. दार्जिलिंगहून उतरताना तो रुळावरच्या हातगाडीत बसून पस्तीस मैल घसरत खाली आला आणि लहान मुलासारखा खूश झाला. जयपूरला पुन्हा आजारी. तिथून लाहोर, रावळपिंडी, परत सिलोन, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका. प्रिटोरियाच्या तुरुंगातल्या कैद्यांसमोरही बोलला. वर्षभरात शंभराहून जास्त कार्यक्रम.

१८९६ च्या जुलैअखेर ते इंग्लंडला पोचले. सूझी आणि जीन तिथे येऊन भेटणार होत्या. त्याऐवजी सूझीला बरं नसल्याचं पत्र आलं. ऑलिव्हिया आणि क्लारा लगेच बोटीने निघाल्या, ट्वेन मागे राहिला. १८ ऑगस्टला, त्या दोघी समुद्रात असताना, सूझी मेंदूज्वराने गेली. २४ वर्षांची होती. ट्वेनला तार मिळाली तेव्हा तो भाड्याच्या घरात एकटा होता.

पण दौऱ्याचं पुस्तक लिहायचं बाकी होतं, कारण कर्ज अजून फिटलेलं नव्हतं. त्या दुःखात त्याने ते लिहिलं. मुंबईचे कावळे, दार्जिलिंगची हातगाडी, हे सगळं त्या दिवसांत कागदावर उतरलंय. वाचताना कुठेही जाणवत नाही. मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा ही तारीख माहीत असताना.

१८९७ मध्ये पुस्तक निघालं. १८९८ च्या सुरुवातीला शेवटच्या घेणेकऱ्याचे पैसे चुकते झाले. १९०४ मध्ये ऑलिव्हिया गेली, १९०९ मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी जीन, आणि २१ एप्रिल १९१० ला तो स्वतः.

सूझीने ज्या घरात शेवटचा श्वास घेतला, त्या हार्टफर्डच्या घरात हे कुटुंब पुन्हा कधी राहिलं नाही. १९०३ मध्ये त्यांनी ते विकून टाकलं. आता तिथे संग्रहालय आहे, आणि पेजचं एक मशीन तिथेच ठेवलंय. आजोबांना फोनवर सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, की ते चालू आहे का.