श्रीधर व्यंकटेश केतकर

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर (जन्म : रायपूर, २ फेब्रुवारी १८८४, मृत्यू : पुणे, १० एप्रिल १९३७) हे मराठीतील पहिल्या आधुनिक ज्ञानकोशाचे संपादक, समाजशास्त्रज्ञ, इतिहाससंशोधक व कादंबरीकार होते. तेवीस खंडांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशामुळे ‘ज्ञानकोशकार’ ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली. शास्त्रे, इतिहास, भूगोल, वाङ्मय आणि उद्योगधंदे यांविषयीची माहिती मराठी वाचकाला अकारविल्हे लावलेल्या एकाच ग्रंथात शोधता यावी, ही सोय त्यांनी प्रथम करून दिली. आज हा कोश संगणकावरही उपलब्ध असून संकेतस्थळावरून त्यातील नोंदी शोधता येतात.

शिक्षण आणि परदेशवास

केतकरांचा जन्म रायपूरचा असला, तरी त्यांचे शालेय शिक्षण अमरावतीस झाले. पुढे ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात दाखल झाले. १९०६ साली ते अमेरिकेस गेले व कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी राज्यशास्त्र व समाजशास्त्र या विषयांचा अभ्यास केला. १९११ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. भारतातील जातिसंस्थेचा इतिहास हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदू समाजाची घडण आणि भवितव्य यांचा विचार करणारा दुसरा इंग्रजी ग्रंथ १९११ मध्ये लंडनहून निघाला.

जातीची व्याख्या करताना केतकरांनी दोन लक्षणे सांगितली होती. सभासदत्व जन्मानेच मिळते, हे पहिले. आणि जातीबाहेर विवाह करण्यास सक्त मनाई असते, हे दुसरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातीवरील आपला निबंध वाचला. त्यात त्यांनी सेनार, नेसफील्ड आणि रिस्ले या पाश्चात्त्य अभ्यासकांबरोबर केतकरांच्या व्याख्येचाही परामर्श घेतला. केतकर आतून पाहणारे आहेत, हे त्यांनी मान्य केले. मात्र ही दोन लक्षणे म्हणजे एकाच गोष्टीच्या दोन बाजू होत, असा आक्षेपही त्यांनी घेतला. पंचविशीतल्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाची अशी दखल घेतली जावी, ही गोष्ट मराठी वाचकांना आजही फारशी ठाऊक नसते.

परतीच्या प्रवासात केतकर काही काळ लंडनमध्ये राहिले. तेथे त्यांची ईडिथ व्हिक्टोरिया कोहन या जर्मन ज्यू विदुषीशी ओळख झाली. भारतात आल्यावर त्यांनी काही काळ कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले. तथापि नोकरीत त्यांचे मन रमले नाही.

ज्ञानकोशाची कल्पना

मराठीत कोशवाङ्मयाची परंपरा त्यापूर्वीही होती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ सालचा आहे. रघुनाथ भास्कर गोडबोले यांचा भारतवर्षीय प्राचीन ऐतिहासिक कोश १८७६ मध्ये निघाला. परंतु पहिल्यात शब्दांचे अर्थ मिळत आणि दुसऱ्यात पुराण-इतिहासातील व्यक्ती व स्थळे. वाफेचे यंत्र कसे चालते, एखाद्या धातूचे गुणधर्म कोणते, परदेशातील एखाद्या राज्याची घटना कशी आहे, असा प्रश्न पडला की इंग्रजी न येणाऱ्या माणसाची वाट तेथेच संपत असे. इंग्रजीत १९१०-११ साली ब्रिटानिकाची अकरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली होती. बंगालीत नगेंद्रनाथ बसू यांनी आपला विश्वकोश पूर्णत्वास नेला होता. तेलुगूतही कोमर्राजू लक्ष्मणराव यांनी असेच कार्य हाती घेतले होते; या लक्ष्मणरावांचे शिक्षण नागपुरास झाले होते आणि त्यांना मराठी उत्तम अवगत होती.

ब्रिटानिकाचे भाषांतर करून काम भागले असते, पण केतकरांना ते नको होते. जगाची माहिती महाराष्ट्रात उभे राहून पाहणाऱ्याच्या दृष्टीने मांडली जावी, हा त्यांचा आग्रह होता. नावातील ‘महाराष्ट्रीय’ या विशेषणाचा अर्थ तोच. एखाद्या विषयात मराठी वाचकास काय आधीच माहीत असते व काय नव्याने सांगावे लागते, याचा विचार भाषांतरकार करीत नाही. तो संपादकाला करावा लागतो.

मंडळ, भांडवल आणि वर्गणीदार

या कार्यासाठी केतकरांनी राजाश्रय शोधला नाही. त्यांनी नागपूर येथे मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली. भाग विकून भांडवल जमवावे, वर्गणीदार मिळवावेत आणि त्या पैशातून लेखक, कारकून व छपाई यांचा खर्च भागवावा, अशी ही योजना होती. ज्ञान हा धंद्याचा विषय कसा होऊ शकतो, अशी शंका त्या काळी अनेकांनी घेतली. केतकर स्वतः गावोगाव फिरून या योजनेचा प्रचार करीत. पुढे मंडळाचे कार्यालय पुण्यास आले आणि कोशाचे बहुतेक काम तेथेच झाले.

१९२० च्या सुमारास खंड बाहेर पडू लागले व ते दशक संपेपर्यंत तेवीस खंडांचे काम पुरे झाले. इतका मोठा संदर्भग्रंथ इतक्या अल्प काळात पूर्ण होणे आजही सोपे नाही. या उद्योगाचा इतिहास केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात १९२७ साली लिहून ठेवला. कोश कसा लिहावा यापेक्षा कोश कसा तगवावा, याचा तो दस्तऐवज आहे. कोशकार्यात पडू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा, असे सुचवावेसे वाटते.

यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे ही केतकरांच्या सहकाऱ्यांपैकी दोन महत्त्वाची नावे. ज्ञानकोशाच्या कार्यालयात तयार झालेल्या या जोडीने पुढे स्वतंत्रपणे महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले (१९३२–३८). त्यांचा शास्त्रीय परिभाषा कोश १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. विज्ञान व तंत्रविद्या यांतील इंग्रजी संज्ञांना मराठी पर्याय शोधणाऱ्याला हा ग्रंथ दीर्घकाळ हाताशी ठेवावा लागत असे.

कोशाची रचना

ज्ञानकोशाचे पहिले पाच खंड प्रस्तावनाखंड म्हणून ओळखले जातात. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग व विज्ञानेतिहास, असे त्यांचे विषय आहेत. सहाव्यापासून एकविसाव्यापर्यंतचे सोळा खंड हे शरीरखंड. त्यांत नोंदी अकारविल्हे येतात. बाविसावा खंड सूचीचा आहे आणि तेविसावा पुरवणीचा.

प्रस्तावनाखंडांविषयी मतभेद होणे साहजिक होते. ज्याने वर्गणी भरली, त्याला ‘अ’पासून सुरू होणारा कोश हवा होता, हाती पडले ते वेदविद्येवरील व प्राचीन जगावरील प्रदीर्घ ग्रंथ. केतकरांची भूमिका अशी होती की, सुटी माहिती अकारविल्हे देण्यापूर्वी तिचे परस्परसंबंध वाचकापुढे यावेत. संदर्भग्रंथ म्हणून पाहता वर्गणीदारांची तक्रार रास्त होती. मात्र हे पाच खंड वगळले, तर केतकरांचा विचारच वगळला जातो. विशेषतः विज्ञानेतिहासाच्या पाचव्या खंडात गणित, ज्योतिष, पदार्थविज्ञान, रसायन अशा शास्त्रांची वाटचाल सलगपणे मराठीत मांडण्याचा प्रयत्न आहे. तेथे प्रत्येक पावलाला परिभाषेची अडचण होती. संस्कृतातून नवा शब्द घडवावा, रूढ मराठी शब्द वापरावा, की इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहावा, हे ठरविण्यासाठी त्या काळी कोणतीही अधिकृत समिती नव्हती. निर्णय संपादकांच्या टेबलावरच होत.

सूचीखंड हा या कोशाचा सर्वांत उपेक्षित, पण वाचकाला सर्वांत उपयुक्त भाग म्हणता येईल. अकारविल्हे रचनेत जो विषय स्वतंत्र नोंदीचा धनी असतो, तो चटकन सापडतो. परंतु जो दुसऱ्या नोंदीच्या पोटात शिरलेला असतो, त्याचा पत्ता सूचीवाचून लागत नाही. आजच्या संगणकीय शोधाला जे साधायचे असते, तेच सूचीकाराने हाताने, चिठ्ठ्या लावून, साधलेले असते.

विवाह

१९२० साली ईडिथ कोहन भारतात आल्या आणि केतकरांशी त्यांचा विवाह झाला. त्यापूर्वी व्रात्यस्तोम विधी करून त्यांना हिंदू धर्मात घेण्यात आले व शीलवती हे नाव देण्यात आले. समाजाबाहेरच्या व्रात्यांना आत घेण्याचा हा वैदिक विधी ब्राह्मणग्रंथांत वर्णिलेला आहे. जातीबाहेरच्या विवाहाची मनाई हे जातीचे लक्षण, असे लिहिणाऱ्या अभ्यासकाने स्वतः ती मनाई मोडली आणि त्यासाठी आधार शोधला तो वेदकाळातला, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्या काळच्या पुण्यात या विवाहाची चर्चा पुष्कळ झाली.

शीलवतीबाई स्वतः विदुषी होत्या. विंटरनित्झ यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाच्या मूळ जर्मन ग्रंथाचा त्यांनी इंग्रजी अनुवाद केला. त्याचा पहिला खंड १९२७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केला. केतकरांबरोबरच्या सहजीवनाची हकीकत त्यांनी ‘मीच हे सांगितलं पाहिजे’ या मराठी पुस्तकात लिहिली. कोशाच्या कर्जाचा आणि ओढगस्तीचा भार घरात कोणी वाहिला, हे समजून घेण्यासाठी ते पुस्तक वाचणे आवश्यक आहे.

कादंबऱ्या व इतर लेखन

केतकरांनी कादंबरीलेखनही विपुल केले. ‘गोंडवनातील प्रियंवदा’, ‘परागंदा’, ‘आशावादी’, ‘गावसासू’, ‘ब्राह्मणकन्या’, ‘भटक्या’ व ‘विचक्षणा’ या त्यांच्या कादंबऱ्या होत. त्यांत ‘ब्राह्मणकन्या’ (१९३०) विशेष गाजली. तिची नायिका कालिंदी हिच्या वाट्याला आलेले सामाजिक स्थान, तिचे निर्णय आणि मिश्र विवाहाच्या संततीचा प्रश्न यांभोवती कथानक फिरते. कलाकृती म्हणून या कादंबऱ्या विस्कळीत आहेत, ही टीका चुकीची नाही. कथा थांबवून चर्चा करण्याची लेखकाची सवय जागोजागी दिसते. पण त्या काळच्या कादंबरीत न दिसणारे विषय त्यांनी पुढे आणले. दुर्गा भागवत यांनी ‘केतकरी कादंबरी’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहून त्यांचे महत्त्व दाखवून दिले.

‘निःशस्त्रांचे राजकारण’, ‘महाराष्ट्रीयांचे काव्यपरीक्षण’ आणि ‘प्राचीन महाराष्ट्र’ हे त्यांचे अन्य ग्रंथ. १९३१ साली हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्याच शहरात उस्मानिया विद्यापीठाने उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण सुरू केले होते आणि शास्त्रीय ग्रंथांच्या भाषांतरासाठी खास विभाग चालविला होता. मराठीला तसा आधार नव्हता. येथे एका खासगी मंडळाने कोश काढला होता आणि मंडळाच्या संपादकाला संसार चालविणे कठीण झाले होते. गुजराती भाषेतही ज्ञानकोश करण्याचा उद्योग केतकरांनी आरंभिला होता, पण तो पूर्णत्वास गेला नाही. अखेरच्या वर्षांत त्यांना आर्थिक विवंचनेला तोंड द्यावे लागले. १० एप्रिल १९३७ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, पुणे येथे त्यांचे निधन झाले. पुढे द. न. गोखले यांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले.

ज्ञानकोश आज

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम शासकीय पातळीवर सुरू झाले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. विज्ञान व तंत्रविद्येच्या अद्ययावत माहितीसाठी विश्वकोशाकडेच वळावे लागते. केतकरांच्या कोशातील शास्त्रीय माहिती शंभर वर्षांपूर्वीची आहे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. मात्र एखादी संज्ञा मराठीत प्रथम कशी आली, एखाद्या धंद्याची स्थिती १९२० च्या दशकात काय समजली जात होती, हे पाहण्यास त्याच्याइतका विस्तृत मराठी ग्रंथ नाही.

मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने हा कोश संकेतस्थळावर उपलब्ध करून दिला आहे. ज्या गावच्या ग्रंथालयात तेवीस खंडांचा संच नाही, तेथील वाचकाला त्यामुळे मोठीच सोय झाली. तरी शोध घेताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली लेखनपद्धतीची. कोश छापला गेला तेव्हा व्युत्पत्तीनुसार अनुस्वार देण्याची रीत होती. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते अनुस्वार गेले. संगणक अक्षराशी अक्षर ताडून पाहतो. ‘नाव’ असे टंकले तर ‘नांव’ त्याला सापडेलच असे नाही. म्हणून एका लेखनाने शोध लागला नाही, तर अनुस्वार देऊन, ऱ्हस्व-दीर्घ बदलून पुन्हा पाहावे.

दुसरी गोष्ट शब्दाची. विषयाचे आजचे नाव त्या काळी रूढ असेलच असे नाही. भिवंडीतील एखाद्या विद्यार्थ्याला यंत्रमागाची पूर्वपीठिका हवी असेल, तर त्याने केवळ त्याच शब्दावर अडून न राहता माग, विणकाम, सूत, कापूस, कापड असे शेजारचे शब्दही घालून पाहावेत. परदेशी नावांचे देवनागरी रूपही तेव्हा निश्चित झालेले नव्हते. त्यामुळे त्यांची दोन-तीन रूपे करून पाहणे बरे. एवढे करूनही हाती काही लागले नाही, तर बाविसावा खंड उघडून सूचीवरून सावकाश नजर फिरवावी.