अर्नेस्ट एव्हरेट जस्ट

ज्ञानमंदिराचे द्वार सर्वांस खुले असते, असे आम्ही शाळेत पुष्कळ वर्षे शिकविले. परंतु जन्म पाहूनच त्या द्वाराशी अडविले गेलेले पुरुषही जगात होऊन गेले. अशा एका थोर जीवशास्त्रज्ञाचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे, विशेषतः विद्यार्थ्यांपुढे, ठेवीत आहोत.

अर्नेस्ट एव्हरेट जस्ट यांचा जन्म १४ ऑगस्ट १८८३ रोजी अमेरिकेतील चार्ल्सटन येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. चौथ्या वर्षीच पितृछत्र हरपले. मातोश्री मेरी शिक्षिका होत्या. फॉस्फेटच्या खाणीत कष्ट उपसून त्यांनी संसार चालविला, शाळाही काढली आणि पुढील शिक्षणासाठी मुलास उत्तरेकडे धाडले. तो तेथे शिकत असतानाच त्या निवर्तल्या. तथापि १९०७ साली जस्ट डार्टमथ महाविद्यालयातून उच्च श्रेणीत पदवीधर झाले व वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात अध्यापक म्हणून रुजू झाले.

१९०९ पासून सुमारे वीस वर्षे ते उन्हाळ्यात वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत जात. एकाच फलित अंड्यापासून स्नायू, त्वचा, मज्जातंतू अशा भिन्न पेशी कशा घडतात, या कोड्याचा त्यांस ध्यास लागला. समुद्रकृमीच्या अंड्यात शुक्राणू जेथून शिरतो, त्या स्थानावरून पहिल्या विभाजनाची दिशा ठरते, असे त्यांनी १९१२ साली दाखविले. १९१६ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांस डॉक्टरेट दिली. बहुतेकांची दृष्टी केंद्रकातील जनुकांवर खिळली असता जस्ट यांनी पेशीद्रव्य व पेशीचा पृष्ठभाग यांचे महत्त्व प्रतिपादिले. १९३९ चा त्यांचा ग्रंथ याच विषयावर आहे. त्यांचे सर्वच तर्क टिकले नाहीत. परंतु बहुतेक पेशींत जनुके तीच असूनही त्यांतील कोणती जागी व्हावीत आणि कोणती निद्रिस्त राहावीत, हे ठरण्यात पेशीद्रव्याचा व पृष्ठभागावर पोचणाऱ्या संदेशांचा मोठा वाटा असतो, हे पुढे सिद्ध झाले.

एवढी योग्यता असूनही वर्णामुळे स्वदेशातील कोणत्याही मोठ्या गोऱ्या विद्यापीठाने त्यांस जागा दिली नाही. १९२९ नंतर नेपल्स, बर्लिन व फ्रान्स येथे त्यांस मानाने काम करता आले. १९४० साली फ्रान्समध्ये जर्मनांनी त्यांस स्थानबद्ध केले. सुटका होऊन ते मायदेशी परतले, पण २७ ऑक्टोबर १९४१ रोजी कर्करोगाने त्यांचे देहावसान झाले.

१९९६ साली अमेरिकेने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. पंचावन्न वर्षांनी मिळालेल्या या मानाचा त्या संशोधकास काय उपयोग? हुशार मूल कोणाच्याही घरचे असो, त्यास वेळेवर जागा मिळावी, एवढीच आम्हां वृद्ध शिक्षकाची समाजास विनंती आहे.