वनांचा हितकर्ता : डीट्रिख ब्रँडिस

परतवाडा मागे टाकून चिखलदऱ्याचा घाट चढू लागले, म्हणजे मेळघाटातील सागाची वने दिसू लागतात. ही वने आपोआपच टिकून राहिली असतील, असे आपल्याला वाटते. परंतु दीडशे वर्षांपूर्वी भारतातील वनांवर मोठे संकट ओढवले होते. जहाजे, इमारती आणि लोहमार्ग यांसाठी झाडांची बेसुमार तोड चालली होती. १८६७ साली अकोला, बडनेरा या मार्गाने आगगाडी नागपुरास पोहोचली, तेव्हा रुळांखाली घालावयास लाकूडच लागे. अशा काळात वनरक्षणाचे शास्त्र या देशात रुजविणारे गृहस्थ म्हणजे डीट्रिख ब्रँडिस.

ब्रँडिस यांचा जन्म १८२४ साली जर्मनीतील बॉन शहरी झाला. ते वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. १८५६ साली ब्रह्मदेशातील सागवनांची देखरेख त्यांच्याकडे आली. वनात साग किती आहे, हेच प्रथम कोणास ठाऊक नव्हते. ब्रँडिस हत्तीवर बसून रानोरान हिंडले. डाव्या हातात चार काठ्या आणि उजव्या हातात चाकू घेऊन ते झाडांची गणती करीत. झाड दिसले, की त्याच्या जाडीप्रमाणे त्या त्या काठीवर एक खाच पाडीत. या गणतीवरून, दरसाल जेवढी झाडे वाढून मोठी होतील तेवढीच तोडावी, असा नियम त्यांनी घालून दिला. मुद्दल राखून केवळ व्याज खर्चावे, तसाच हा व्यवहार होता.

तेथील करेन लोक डोंगर जाळून फिरती शेती करीत. ब्रँडिस यांनी त्यांना हुसकून लावले नाही. उलट, भाताबरोबर सागाची रोपे लावण्यास सांगून त्याबद्दल मोबदला दिला. करेन लोक नव्या जागी जात, तेव्हा मागे सागवन उभे राहिलेले असे.

१८६४ साली ते हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले मुख्याधिकारी झाले. १८७८ साली त्यांच्या प्रयत्नाने देहरादून येथे वनविद्यालय निघाले. त्याच वर्षी नवा वनकायदा झाला. सरकारी वनांबरोबरच गावांनाही त्यांची स्वतःची वने मिळावीत, असा ब्रँडिस यांचा आग्रह होता. कारण ज्यांचे जीवन वनावर अवलंबून आहे, त्यांच्या साहाय्यावाचून वन राखता येत नाही. ग्रामवनांचा कायद्यात समावेश झाला खरा. परंतु त्याची अंमलबजावणी फारशी झाली नाही. मेळघाटातही राखीव वने झाली आणि कोरकू बांधवांच्या फिरत्या शेतीवर बंधने आली.

१८८३ साली ब्रँडिस निवृत्त झाले. तरी त्यांचा अभ्यास थांबला नाही. भारतीय वृक्षांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९०६ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, प्रसिद्ध झाला. पुढल्याच वर्षी बॉन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचा तो अपुरा राहिलेला आग्रह मात्र विसरला गेला नाही. २००६ सालच्या वनहक्क कायद्यामुळे मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर गावाला वनाचा सामूहिक हक्क मिळाला. गावकऱ्यांनी उजाड माळावर पुन्हा झाडे वाढविली. आज पाऊस लहरी झाला आहे आणि उन्हाळे अधिक कडक होत आहेत. अशा वेळी वन राखणे म्हणजे आपले पाणी आणि आपली शेती राखणेच होय. मुलांनो, झाडे मोजून, समजून आणि सर्वांना बरोबर घेऊनच वन टिकते, हा धडा ब्रँडिस यांच्या चरित्रापासून आपण घ्यावा.