सर शिवसागर रामगुलाम : एका लहान बेटाचे राष्ट्रपुरुष

आफ्रिका खंडाच्या पूर्वेस, हिंदी महासागरांत मॉरिशस नांवाचें एक लहानसें राष्ट्र आहे. त्याचें एकंदर क्षेत्रफळ सुमारें २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पांचव्या हिश्श्याएवढें. लोकसंख्या बारा-तेरा लाख, म्हणजे आपल्या एका शहराइतकी. परंतु एवढ्याशा भूमीवर भोजपुरी, तमिळ, तेलुगु, मराठी, उर्दू, चिनी, फ्रेंच व क्रिओल बोलणाऱ्या घराण्यांचे वंशज शेजारी शेजारी राहतात. एकोणिसाव्या शतकांत रत्नागिरी व सावंतवाडीकडील कित्येक कुटुंबें मुंबई बंदरांतून निघून तेथील उंसाच्या मळ्यांवर कराराच्या मजुरीस गेलीं. त्यांच्या वंशजांनीं मराठी भाषा टिकवून धरिली असून गणेशचतुर्थीस त्या देशांत सार्वजनिक सुटी असते. अशा नाना जातींच्या व धर्मांच्या लोकांनीं एका राज्यकारभाराखालीं गुण्यागोविंदानें कसें नांदावें, हा प्रश्न ज्यांनीं आयुष्यभर सोडविला, त्या सर शिवसागर रामगुलाम यांचें चरित्र आज आपण पाहूं.

त्यांचा जन्म ता. १८ सप्टेंबर १९०० रोजीं बेल रिव्ह या खेड्यांत झाला. वडील बिहारांतून मळ्यावर कामास आलेले. शिवसागर सात वर्षांचे असतांना पितृछत्र हरपलें. पुढें बाराव्या वर्षीं गोठ्यांत झालेल्या अपघातांत त्यांचा एक डोळा गेला. कित्येकांनीं एवढ्यानेंच शाळेस रामराम ठोकला असता. परंतु या मुलानें उरलेल्या एका डोळ्यानें पुस्तकें वाचलीं. गांवच्या बैठकींत, म्हणजे संध्याकाळच्या शाळेंत, हिंदी. सरकारी शाळेंत इंग्रजी व फ्रेंच. आणि पुढें क्युरपीप येथील रॉयल कॉलेज, असा त्यांचा अभ्यासक्रम झाला. १९२१ सालीं ते वैद्यकाच्या अभ्यासासाठीं लंडनला गेले आणि १९३५ सालीं डॉक्टर होऊन स्वदेशीं परतले.

त्या वेळीं बेटावर इंग्रजांचें राज्य होतें. १८८५ सालच्या घटनेप्रमाणें ज्याच्यापाशीं ठराविक मालमत्ता अथवा मिळकत असेल त्यालाच मत देतां येई. ऊंस पिकविणाऱ्या मजुराला कायदेमंडळांत कोणी विचारीत नसे. १९३७ सालीं मळ्यांवर मोठे दंगे झाले, तेव्हां या उपेक्षेचा परिणाम सरकारच्याहि ध्यानांत आला. १९४० सालीं गव्हर्नरानें रामगुलाम यांस कायदेमंडळाचे सभासद नेमिलें. तेथें त्यांनीं मजुरांचें आरोग्य, शिक्षण आणि मताधिकार यांविषयीं पुनःपुन्हां प्रश्न विचारिले.

पुढें जो बदल झाला, तो शाळेंत जाणाऱ्या प्रत्येक मुलानें लक्षांत ठेवण्यासारखा आहे. १९४७ सालच्या नव्या घटनेनें मालमत्तेची अट दूर केली आणि बेटावरील मान्य भाषांपैकीं कोणत्याहि एका भाषेंत साधीं वाक्यें लिहितां-वाचतां येणाऱ्यास मत दिलें. पंडित वासुदेव विष्णुदयाल यांचे स्वयंसेवक गांवोगांव फिरून दिवसभर ऊंस तोडून थकलेल्या माणसांस रात्रीं कंदिलाच्या उजेडांत अक्षरें गिरवावयास लावूं लागले. परिणाम असा झाला कीं, पूर्वीं जे सुमारें १२,००० मतदार होते, ते १९४८ सालीं ७१,००० च्या वर गेले. अक्षरओळख हाच राज्यकारभाराचा दरवाजा ठरला. त्या निवडणुकींत डॉ. रामगुलाम निवडून आले. मजूर पक्षांत जाऊन कालांतरानें त्या पक्षाचे पुढारी झाले. १९५९ सालीं प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मताधिकार मिळाला, आणि १९६१ सालीं ते मुख्यमंत्री झाले.

आतां स्वातंत्र्य जवळ आलें. परंतु त्याबरोबर भीतीहि आली. हिंदु बहुसंख्य असल्यानें आपल्यास कोणी विचारणार नाहीं, असें इतर समाजांस वाटे. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकींत स्वातंत्र्याच्या बाजूनें शेंकडा सुमारें ५६, तर विरोधी पक्षास शेंकडा ४४ मतें पडलीं. जानेवारी १९६८ मध्यें राजधानी पोर्ट लुई येथें रक्तरंजित दंगे झाले. अशा वातावरणांत ता. १२ मार्च १९६८ रोजीं, म्हणजे ३८ वर्षांपूर्वीं ज्या तारखेस गांधीजी दांडीस निघाले होते त्याच तारखेस, मॉरिशस स्वतंत्र झाला आणि रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले.

या भीतीवर घटनेंत जो उपाय योजिला होता, तो मोठा कौतुकास्पद आहे. मुख्य बेटाचे वीस मतदारसंघ केले व प्रत्येकांतून तीन सभासद निवडावयाचे ठरविलें. रॉड्रिग्ज बेटाचे दोन. असे एकूण ६२. यांशिवाय आठपर्यंत जागा पराभूत उमेदवारांतून भरावयाच्या, त्यासुद्धां ज्या समाजाचे प्रतिनिधि कमी आले असतील त्या समाजाच्या उमेदवारांस. हरलेल्यासहि सभागृहांत आसन मिळावें, अशी ही तजवीज आहे. उमेदवाराची जात विचारणें योग्य कीं अयोग्य, यावर तेथें आजहि वाद चालतो. परंतु अल्पसंख्यांचा विश्वास राखण्यास या पद्धतीचा मोठा आधार झाला. रामगुलाम एवढ्यावरच थांबले नाहींत. १९६९ सालीं त्यांनीं विरोधी पक्षालाच मंत्रिमंडळांत घेतलें.

परंतु चरित्र लिहितांना दोष झांकणें उचित नव्हे. स्वातंत्र्यापूर्वीं, १९६५ सालीं, इंग्रजांनीं चागोस बेटें मॉरिशसपासून तोडून घेतलीं आणि रामगुलाम यांनीं त्यास मान तुकविली. तेथील रहिवाशांस पुढें आपलीं घरेंदारें सोडावीं लागलीं. २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय न्यायालयानें ती तोडणी बेकायदेशीर असल्याचें मत दिलें. तसेंच १९७२ सालीं व्हावयाची निवडणूक १९७६ पर्यंत लांबविण्यांत आली. मध्यंतरीं आणीबाणी पुकारून विरोधी पुढाऱ्यांस तुरुंगांत टाकिलें व वर्तमानपत्रांवर बंधनें घातलीं. ज्यानें लोकांस मत मिळवून दिलें, त्यानेंच तें मत चार वर्षें अडवून धरिलें, हें विसरतां येत नाहीं.

मे १९७५ मध्यें शाळेंतील हजारों मुलें रस्त्यावर आलीं. सरकारनें बळ वापरून त्यांस अडविलें खरें. परंतु त्यांचें म्हणणें कानांआड केलें नाहीं. मताधिकाराचें वय अठरांवर आलें, आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालें.

जून १९८२ च्या निवडणुकींत मुख्य बेटावरील साठहि जागा विरोधी पक्षांच्या युतीनें जिंकल्या. ८१ वर्षांचे रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघांतहि हरले. एकवीस वर्षें कारभार पाहिलेल्या या वृद्धानें सत्तेस चिकटून राहण्याचा यत्न केला नाहीं. मतपेटीचा निर्णय मानून ते घरीं गेले. पुढील वर्षाच्या अखेरीस त्यांस गव्हर्नर-जनरल नेमण्यांत आलें, व त्याच पदावर असतां ता. १५ डिसेंबर १९८५ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

१९९२ सालीं मॉरिशस प्रजासत्ताक झाला. आतां राष्ट्राध्यक्षाची निवड तेथील लोकसभा करिते, खरा कारभार पंतप्रधान पाहतात, आणि त्या देशास खडें लष्करहि नाहीं. तरीहि निवडणुकीमागून निवडणूक होऊन सरकारें बदलत आलीं आहेत.

मुलांनो, वर्गनायक निवडतांनाहि जिंकणारा एकच असतो, पण वर्ग सर्वांचाच असतो. जिंकल्यावर हरलेल्यास शेजारीं बसविणें आणि हरल्यावर शांतपणें जागा सोडणें, या दोन गोष्टी शिवसागर रामगुलाम यांस साधल्या. म्हणून त्यांच्या चुका जमेस धरूनहि त्यांचा देश त्यांस आदरानें स्मरतो.