आईस्क्रीम विकून उभं राहिलं देशातलं पहिलं डेंटल कॉलेज

पुण्यात सदाशिव पेठेपासून हिंजवडीपर्यंत कुठंही जा, डेंटल क्लिनिकचा बोर्ड दिसतोच. पण १९२० च्या आधी दातांचा डॉक्टर घडवणारं एकही कॉलेज भारतात नव्हतं. ते उभं केलं डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी.

१८९० मध्ये पूर्व बंगालमध्ये जन्मलेल्या अहमद यांनी १९१५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून पदवी घेतली. काही वर्षं बोस्टनमध्ये काम करून ते कलकत्त्याला परतले.

कॉलेज काढायचं ठरलं, पण पैसा? त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचं आईस्क्रीम पार्लर टाकलं. त्याच्या कमाईवर १९२० मध्ये कलकत्ता डेंटल कॉलेज सुरू झालं. बॅरिस्टर जिनांच्या बहीण फातिमा जिना इथंच शिकल्या.

पण नुसतं कॉलेज पुरेसं नव्हतं. नवं संशोधन छापायला आणि त्यावर चर्चा करायलाही जागा हवी होती. म्हणून १९२५ मध्ये त्यांनी बंगाल डेंटल असोसिएशन आणि 'इंडियन डेंटल जर्नल' सुरू केलं. १९४६ पर्यंत जर्नलचे संपादक तेच होते.

पुढचा प्रश्न होता भोंदू दातवाल्यांचा. १९३९ मध्ये बंगालमध्ये दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला, १९४८ मध्ये देशभरासाठी. त्यानंतर पुण्यातल्या डेंटिस्टलाही याच देशव्यापी कायद्यानं नोंदणी करावी लागू लागली.

१९४९ मध्ये अहमद यांनी कॉलेज सरकारला देऊन टाकलं. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, पुढच्याच वर्षी ते गेले. कॉलेजला आज त्यांचं नाव आहे आणि त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो.