डॉ. आन वँग : मधला पीसी राहूनच गेला

मेमरी म्हटलं की आपल्याला स्लॉटमध्ये दाबून बसवायची रॅमची पट्टी आठवते. पण चिप येण्याआधी कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे तारांत ओवलेल्या बारीक चुंबकीय कड्या असायच्या. त्या कड्या कामाला लावणाऱ्यांतले एक म्हणजे डॉ. आन वँग.

जन्म १९२० चा, शांघायचा. १९४५ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि १९४८ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळवली. तिथल्या लॅबमध्ये एक अडचण होती. कडीतला बिट वाचला की पुसला जायचा. वँगना सुचलं, की पुसला तर पुसू द्यावा, वाचल्याबरोबर परत लिहून टाकावा. झालं काम! १९५१ मध्ये ६०० डॉलरच्या बचतीवर त्यांनी बोस्टनला वँग लॅबोरेटरीज काढली. १९५६ मध्ये मेमरीचं पेटंट आयबीएमला ५ लाख डॉलरला विकलं, पण त्या सौद्यात आयबीएमनं आपल्याला दाबलं, ही सल त्यांच्या मनात कायम राहिली.

पुढे त्यांनी कॅल्क्युलेटर बनवले. गुणाकार करायचा तर लॉगची बेरीज, म्हणजे आपलं लॉगटेबलच! चिपमुळे कॅल्क्युलेटर स्वस्त होऊ लागले तेव्हा वँग वेळीच त्यातून बाहेर पडले आणि १९७६ मध्ये स्क्रीनवाला वर्ड प्रोसेसर आणला. ऑफिसं अक्षरशः तुटून पडली. कंपनीत तीस हजारांवर माणसं झाली.

आता गंमत बघा. टायपिस्टसाठी वर्ड प्रोसेसर होता, अख्ख्या ऑफिससाठी व्हीएस मिनिकॉम्प्युटर होता. पण मधल्या माणसाचं काय? ज्याला एकाच टेबलावर पत्र टाइप करायचंय, लोटसमध्ये हिशेब करायचेत, दुकानातून आणलेलं सॉफ्टवेअर टाकायचंय, त्याच्यासाठी आयबीएमनं १९८१ मध्ये पीसी काढला. वँगचा पीसी १९८२ मध्ये आला. प्रोसेसर ८०८६, म्हणजे कागदावर आयबीएमच्या ८०८८ पेक्षा सरस. एमएस-डॉसही होतं. पण आतली रचना वेगळी, त्यामुळे थेट हार्डवेअरला हात घालणारी सॉफ्टवेअर त्यावर चालेनात. त्यासाठी वेगळं कार्ड घ्या! गिऱ्हाईक कशाला घेईल? कॅल्क्युलेटर वेळेवर सोडणाऱ्या माणसानं इथे हट्ट का धरला? मला तरी वाटतं, त्या जुन्या सलीचा यात वाटा असावा.

१९८६ मध्ये त्यांनी थोरला मुलगा फ्रेड याला अध्यक्ष केलं. काही संचालकांना ते पटलं नव्हतं. १९८९ मध्ये तोटा ४० कोटी डॉलरच्या वर गेला. वँग तेव्हा कॅन्सरनं आजारी होते. तशा अवस्थेत त्यांना स्वतःच्या मुलाला पदावरून काढावं लागलं. मार्च १९९० मध्ये ते गेले.

१९९२ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. लोवेल गावातले तिचे टॉवर बांधायला सुमारे ६ कोटी डॉलर लागले होते; १९९४ च्या लिलावात ते सव्वापाच लाखांना गेले.