मोटारीचा रंग तासांवर आणणारे केटरिंग

मुंबई-पुण्याच्या गॅरेजांतून आणि फर्निचरच्या कारखान्यांतून ‘ड्युको’ हा शब्द सर्रास ऐकू येतो. फवाऱ्याने मारायचा, झटपट वाळणारा चकचकीत रंग, एवढाच अर्थ आता त्याला उरला आहे. मुळात ते ड्युपॉन्ट या अमेरिकन कंपनीने १९२३ मध्ये बाजारात आणलेल्या रंगाचे नाव. त्यामागे ज्यांचा तगादा होता, ते चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग रंगाचे जाणकार नव्हतेच. ते विद्युत अभियंते होते.

ओहायो राज्यातील लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात २९ ऑगस्ट १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. अधू दृष्टीमुळे शिक्षण मध्येच सोडावे लागले, तेव्हा टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या तुकडीत त्यांनी काम केले आणि पुन्हा महाविद्यालयात जाऊन १९०४ मध्ये पदवी घेतली. डेटन शहरात गल्ल्याचे यंत्र विजेवर चालवून दाखवल्यावर १९०९ मध्ये त्यांनी एडवर्ड डीड्स यांच्यासह डेल्को ही कंपनी काढली. मोटार सुरू करायची म्हणजे समोर उभे राहून हँडल फिरवायचे, असा तो काळ. हँडल उलटून मनगटे मोडत, क्वचित जीवही जाई. केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर बसला आणि तो धोका ओसरला. पुढे १९२० पासून १९४७ पर्यंत जनरल मोटर्सच्या संशोधनाची सूत्रे त्यांच्या हाती होती.

त्या सुमारास मोटारी तयार होत झपाट्याने, पण अडून बसत रंगापाशी. तेलयुक्त रंग आणि व्हार्निश यांचे हातावर हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा द्यायचा. हवेच्या लहरीप्रमाणे त्यात दोन ते चार आठवडे जात. फोर्डची मॉडेल टी गाडी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळे, हे सर्वश्रुत आहे. केटरिंग यांना मात्र हे काम एका तासात व्हावेसे वाटत होते. रंगतज्ज्ञांनी फार तर चार-सहा दिवस वाचवता येतील असे सांगितल्यावर त्यांनी त्यांचा नाद सोडला.

न्यूयॉर्कमधील एका दुकानात लॅकर लावलेली लाकडी तबकडी त्यांच्या नजरेस पडली आणि तिचा माग काढत ते लॅकर बनवणाऱ्यापर्यंत पोहोचले, अशी आख्यायिका आहे. ते लॅकर फवारले की मोटारीपर्यंत पोहोचण्याआधीच वाळे. खरी अडचण रसायनाची होती. नायट्रोसेल्युलोजचा द्राव फवारण्याइतका पातळ केला की त्यात रंगद्रव्य इतके थोडे मावे, की असंख्य हात द्यावे लागत. ही कोंडी ड्युपॉन्टच्या रसायनज्ञांनी फोडली. श्रेय त्यांचे आहे. जनरल मोटर्समध्ये ड्युपॉन्टचा मोठा हिस्सा असल्याने दोन्ही प्रयोगशाळा जोडीने कामाला लागल्या आणि १९२४ च्या मॉडेलची ओकलँड मोटार निळ्या ड्युकोत रस्त्यावर आली. शंका घेणाऱ्या एका पाहुण्याला केटरिंग यांनी जेवायला नेले आणि जेवण उरकेपर्यंत त्याचीच गाडी रंगवून उभी केली, असाही एक किस्सा सांगतात. तो खरा असो वा नसो, त्यांच्या स्वभावाला शोभणारा आहे.

रंग वेगाने वाळू लागला तरी अस्तराला, म्हणजे प्रायमरला, घाई मानवत नाही. उघड्या पत्र्यावर लॅकर नीट धरत नाही आणि त्यातील तीव्र थिनर खालचा कच्चा तेलरंग सुरकुतवून वर उचलतो. जाड हात दिले तर काही वर्षांनी भेगा पडतात. म्हणून व्हिंटेज मोटार पूर्ववत करताना आधी तिचे साल पाहावे लागते. १९२४ पूर्वीची बहुतेक वाहने व्हार्निशची. नंतर लॅकर आले, १९३० च्या दशकात इनॅमल रुळले आणि १९५० च्या दशकाअखेर जनरल मोटर्सने अॅक्रिलिक लॅकर आणले. मूळ झळाळी हवी असेल तर लॅकर, टिकाऊपणा हवा असेल तर इपॉक्सी अस्तरावर आजचा दोन घटकांचा युरेथेन रंग. पण त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्याने बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा अनिवार्य ठरतो. जुना रंग कोरडा घासणेही धोक्याचे, कारण त्या काळच्या रंगांत आणि अस्तरांत शिसे असे.

शिशाचे नाव निघाले की केटरिंग यांची दुसरी बाजू टाळता येत नाही. इंजिनातील ठोके थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याचा शोध त्यांच्याच हाताखाली थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये लावला आणि १९२४ मध्ये स्थापन झालेल्या एथिल कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंगच होते. त्याच वर्षी न्यू जर्सीतील बेवे येथे हे संयुग बनवणारे पाच कामगार विषबाधेने दगावले. तरीही ते पेट्रोल जगभर अनेक दशके जळत राहिले. भारतात त्याची विक्री २००० मध्ये थांबली, जगातील अखेरचा साठा अल्जीरियात २०२१ मध्ये संपला.

न्यूयॉर्कमध्ये १९४५ मध्ये स्थापन झालेल्या स्लोन-केटरिंग या कर्करोग संशोधन संस्थेलाही त्यांचेच नाव आहे. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटन येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा जनरल मोटर्स ड्युको मागे ठेवून अॅक्रिलिककडे वळू लागली होती.